पराते आणि तेलातला टिण्ण

कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की जो माणूस स्वयंपाकघरातून उठून बाहेर अंगणात उभा राहतो, स्कूटर स्टँडवर लावली की ती नीट लागली का ते ढकलून पाहतो, आणि आपण ढकलल्यामुळेच ती सैल झाली असेल म्हणून पुन्हा लावतो, लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी लिफ्टमनला "तब्येत बरी आहे ना?" असं विचारतो, अशा माणसाला छंद कशाचा असावा? तुम्ही म्हणाल, पोस्टाच्या तिकिटांचा. फार तर गुलाबाच्या कलमांचा.

मनोहर परातेंना छंद होता चाकू करण्याचा.

शहराच्या टोकाला, बेशाला घर बांधल्यावर त्यांनी मागच्या अंगणात टिनाची एक शेड टाकली होती. तिच्यात कोळशाची भट्टी, त्यांच्या बायकोच्या, शालिनीवहिनींच्या जुन्या हेअर ड्रायरचा केलेला भाता, ठिणग्या उडवणारा ग्राइंडर, उकळतं तेल आणि धारदार पाती. जगातल्या यच्चयावत काळज्या या माणसाने एका छपराखाली गोळा केल्या होत्या आणि रविवारी सकाळी तो त्यांच्या मधोमध चष्मा लावून, हातमोजे घालून, ओला टॉवेल खांद्यावर टाकून सुखाने बसलेला असायचा. मी विचारलं होतं एकदा, "परातेजी, भीती नाही वाटत?"

"वाटते ना गा," ते म्हणाले. "पण इथं भ्यायले कारण असते. बाकी ठिकाणी उगीच भ्या लागते."

आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत होतो. ते मला बरेच सीनियर. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबल दाखवलं, पंखा दाखवला आणि म्हणाले, "खुर्ची जराशी इकडे घे. समजा, पंखा पडला तं?"

'समजा' हा परातेंचा शब्द. मी पहिली गाडी घेतली तेव्हा सगळी कचेरी पेढे खायला खाली उतरली. परातेंनी गाडीला शांतपणे एक प्रदक्षिणा घातली, टायरवर टिचकी मारली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "झकास आहे. पण समजा, थांबलीच नाही तं?" त्यानंतर कित्येक महिने मी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला पोचायच्या फार आधीपासून ब्रेकवर पाय ठेवून होतो. मागचे लोक काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परातेंचं घराणं उमरेडचं, कोष्ट्याचं. वडिलांचा हातमाग होता. "आमच्या बाबाले," ते सांगायचे, "मागाच्या खटखटीत एक धागा तुटला तरी ऐकू ये. डोळ्यानं नाही, कानानं धरत. हात थांबवत अन् नेमकं त्या धाग्यावर बोट ठेवत." माग गेला, पोरगा कचेरीत आला, पण तो कान परातेंकडे राहिला अशी त्यांची खात्री होती. पंख्याचा, मोटारीचा, माणसाच्या खोकल्याचा आवाज ते मान डावीकडे कलती करून ऐकायचे. तशी मान कलली की समोरचा आलेला खोकला गिळून टाकायचा.

तापलेलं पातं तेलात बुडवून टणक करतात, त्याला आम्ही 'पाणी पाजणं' म्हणतो. पाणी नसतंच त्यात. परातेंकडे तिळाचं तेल होतं. रविवारी ते पातं बुडवायचे तेव्हा सगळ्या गल्लीत भजी तळल्याचा घमघमाट सुटायचा. एकदा शेजारच्या काकू चक्क ताटली घेऊन आल्या. परातेंनी त्यांना फाटकातच थांबवून गरम तेलाचे धोके समजावून सांगितले. काकू भजी न मिळता आणि घरचा गॅस बंद केला की नाही या विचारात परत गेल्या.

आता भिशीबद्दल सांगायला हवं. बायकांची भिशी असते तशी आमची चाकूंची भिशी होती. हौशी माणसं सगळी. हाताने चाकू करायचे आणि एकमेकांना द्यायचे, एवढाच उद्योग. वर्षातून एकदा नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचं नाव आलं त्याच्यासाठी गुपचूप चाकू करायचा. मग थंडीतल्या एका रविवारी कामठीला सुभेदारांच्या अंगणात जमायचं. सुभेदार ढोके म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले, आवाज परेड ग्राउंडचा, मिशी तशीच. सावनेरच्या मीनाताई यायच्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत आणि चाकूच्या मुठी अशा करत की चाकू विसरून माणूस मूठच कुरवाळत बसायचा. मी होतो. माझ्या चाकूंबद्दल एवढंच सांगतो की ते घरात लहान मुलं असली तरी कुठेही ठेवता येत.

चाकू हातात द्यायचा नाही, हा आमचा रिवाज. मीठ-मिरची हातात दिली की भांडण होतं म्हणतात, तसंच. अंगणात पाट मांडलेला असायचा. देणाऱ्याने चाकू पाटावर ठेवायचा, मागे सरायचं. घेणाऱ्याने पुढे होऊन उचलायचा. शिवाय एक नियम होता, आणि तो परातेंनी स्वतः घातलेला: ज्या पात्याबद्दल करणाऱ्याच्या मनात शंका असेल, ते पातं पाटावर ठेवायचं नाही.

त्या वर्षी परातेंना चिठ्ठी आली सुभेदारांची. हे मला त्यांनी सांगायला नको होतं, पण गुपित मनात ठेवलं आणि समजा आपल्यालाच काही झालं तर सुभेदारांना चाकू कोण देणार, म्हणून सांगितलं. ट्रकच्या कमानीचा एक जुना पाटा त्यांनी कुठून तरी मिळवला होता. त्यातून दोन पाती काढली. एक लांब, पातळ, सुभेदारांसाठी. उरलेल्या तुकड्यातून एक आखूड, जाडसर, आमच्या घरासाठी. माझी बायको सुनीता कधीतरी "भावजी, आम्हालाही एखादा करा की, ह्यांच्या चाकूने तर केळंही कापत नाही" असं बोलून गेली होती.

पाणी पाजायच्या वेळी मी शेडमध्ये होतो. आखूड पातं आधी बुडवलं आणि तेलातच राहू दिलं. मग लांब पातं तापवलं, लोहचुंबक त्याला चिकटेनासं झालं, म्हणजे पुरेसं तापलं, तसं उचललं आणि सरळ तेलात. चर्र! भज्यांचा वास! मी काहीतरी विनोद करत होतो. बघतो तर परातेंची मान डावीकडे कललेली.

"ऐकलं?"

"काय?"

"टिण्ण."

"शेजारी कोणी चमचा पाडला असेल."

"चमचा टण्ण वाजते. हे टिण्ण होतं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तेलात पातं वाजलं तर ते तडकलं असं समजतात. भेग केसाएवढी बारीक असते, डोळ्याला दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी कडक काही कापताना पातं मधूनच निखळतं. निखळलेला तुकडा कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

आखूड पात्याकडे परातेंनी पाहिलंही नाही. जाड पाती सहसा तडकत नाहीत. पण लांब पात्यामागे ते हात धुऊन लागले. भिंगातून पाहिलं. दोऱ्याला टांगून टिचकी मारली आणि नाद ऐकला. रॉकेल लावलं, पुसून काढलं, वर खडूची भुकटी पसरली. भेग असली की आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. रेघ नाही. पुन्हा केलं. नाही. मग ठिसूळपणा जावा म्हणून पातं ओव्हनमध्ये भाजून गव्हाळ रंगावर आणलं, तिवसाच्या लाकडाची मूठ बसवली, जवसाचं तेल पाजलं. मी शपथेवर सांगतो, तसा चाकू परातेंनी त्याआधी केला नव्हता. हातात घेतला की वाटायचं, आपलं एक बोट इतकी वर्षं कमी होतं, ते आत्ता आलं.

"पण मनात शंका आहे," पराते म्हणाले. "नियम आहे आपला."

तेव्हा शालिनीवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मनात शंका नाही असा एक तरी चाकू केला का जी तुमी? नियमानं चाला लागलं तं भिशीतून तुमचंच नाव काढा लागंन."

यावर मी आणि वहिनी हसलो. पराते हसले नाहीत. पण फडकं घेऊन पात्याला गुंडाळू लागले. चाकू कामठीला गेला.

त्या रविवारी सुभेदारांनी पाटावरचा चाकू उचलला आणि उन्हात फिरवून फिरवून पाहिला. मग हाक मारली, "अगं, इकडे ये!" त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. टोमॅटो आणला. चाकू टोमॅटोवर नुसता ठेवला, तो आपणहून खाली गेला.

"हा माझा," काकू म्हणाल्या. "तुमचा नाही."

सुभेदार परातेंजवळ आले, दोन्ही खांदे धरले. "परातेजी, हिची शुगर तुमाले माहीत आहे. मागच्या वर्षी पायाले एवढीशी जखम झाली होती, एवढीशी. कित्येक दिवस दवाखान्यात होतो आम्ही. बोट वाचलं, पण डॉक्टर म्हणाले, आता साधी चीरही नको. मी घरातले सगळे बोथट चाकू फेकले. बोथटच चाकू घसरते ना. आता हा आला. आजपासून मले टेन्शन नाही, बाप्पा!"

टेन्शन कुठेही नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं, हे मी त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं. सुभेदारांच्या चेहऱ्यावरून ते उतरलं आणि परातेंच्या चेहऱ्यावर चढलं. त्या दिवशी काकूंची पाटवडी होती, तर्री तोंडात जाळ काढणारी. परातेंनी एक घास घेतला आणि ताटातली वडी चमच्याने हळूहळू तोडत बसले, मान कलती करून.

मग सुरू झाले फोन. रोज सकाळी पराते कामठीला काकूंना फोन करायचे: "काकू, आज भाजी कोणती?" पालक म्हटलं तर त्यांचा दिवस चांगला जायचा. भेंडी म्हटलं तरी ठीक. सुरण किंवा कोहळं म्हटलं की पराते कामठीची बस धरायचे आणि बेशाहून चिरून नेलेलं कोहळं डब्यातून काकूंना द्यायचे. "इकडून जाऊन राहिलो होतो," असं सांगायचे. बेशाहून कामठी म्हणजे शहराचं एक टोक ते पार दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. 'इकडून' जाण्यासाठी मुद्दाम घर सोडावं लागतं.

शेवटी सुभेदारांचा मला फोन आला. "नंदू, हा पराते माझ्या बायकोले रोज भाजी विचारून राहिला बे. मामला क्या है?"

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, त्यांना कोहळं आवडतं."

"आवडते तं खाऊ दे ना! देऊन काहून जाते?"

मी त्यावेळी पोट धरून हसलो. पण परातेंकडे गेलो तर हसू जिरलं. माणूस निम्मा झाला होता. शेड बंद. हातात भिंग घेऊन बसलेले, समोर पाहायला काही नाही. म्हणाले, "उन्हाळा लागून राहिला, नंदू. काकू वड्या घालतीन. मोठालं कोहळं आणलं आहे, फोनवर सांगत होत्या. घरचं, शेतातलं, लय कडक. अन् म्हणे, तुमी आणू नका चिरून, तुमचा चाकू आहे ना." मग भिंग सदऱ्याला पुसत म्हणाले, "समजा..." परातेंचं 'समजा' अर्ध्यावर थांबलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी त्यांना स्कूटरवर घातलं आणि कामठीला नेलं.

सुभेदारांच्या पडवीत ते कोहळं बसलेलं होतं. त्याला 'ठेवलेलं' म्हणता येणार नाही; घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं भिंतीला टेकून बसलेलं होतं. त्याच्याकडे बघत पराते सगळं बोलले. टिण्ण बोलले, रॉकेल बोलले, नियम बोलले. सुभेदार आधी हसायला लागले, मग त्यांची नजर काकूंच्या हाताकडे गेली आणि ते हसायचे थांबले.

"तुमाले शंका होती," ते सावकाश म्हणाले, "अन् तुमी हिच्या हातात दिला?"

 परातेंनी खिशातून भिंग काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

काकू आत गेल्या, चाकू घेऊन आल्या आणि तो सरळ परातेंच्या हातात द्यायला लागल्या.

"खाली ठेवा, काकू," पराते घाबरून मागे सरले. "हातात नोका देऊ. भांडण होते."

"होऊ द्या," काकू म्हणाल्या. "एवढे दिवस मनात ठेवलं तुमी. रोज भाजी विचारत राहिले, पण हे नाही बोलले. थोडं भांडण पाहिजेच." आणि चाकू त्यांच्या तळहातावर ठेवला.

पात्यात भेग आहे की नाही हे नक्की कळायचा एकच मार्ग असतो. परातेंनी सुभेदारांच्या वर्कशॉपमधल्या शिकंज्यात पातं आवळलं, वर जाड गोणपाट गुंडाळलं, आम्हा तिघांना दाराबाहेर काढलं, काकूंना दाराबाहेरून खिडकीबाहेर आणि तिथूनही गाईच्या गोठ्यामागे पाठवलं. मग हातोडा उचलला. पहिल्या घावाला पातं वाकलं आणि परत सरळ झालं. "झालं!" मी बाहेरून ओरडलो. "चांगलं आहे! सोडा!" दुसरा घाव. पुन्हा सरळ. सुभेदार खिडकीच्या गजांना धरून उभे होते. आता त्यांच्या तोंडावर राग नव्हता, हळहळ होती. "परातेजी, बस करा ना! माना ना आता!"

"समजा, खालच्या बाजूनं असंल तं?" आतून आवाज आला.

पुढे मी घाव मोजले नाहीत. शेवटी एकदाचं ते तुटलं. पराते दोन्ही तुकडे घेऊन उन्हात आले, भिंग लावलं. मीही वाकून पाहिलं. आतलं पोलाद राखाडी, बारीक, रव्यासारखं एकसारखं. भेग असती तर तिथे काळा डाग दिसला असता. नव्हता. कुठेही नव्हता. तो चाकू त्या घरात काकूंच्या सुनेच्या सुनेपर्यंत चालला असता.

"माझ्या बायकोचा चाकू तोडला बे यानं!" सुभेदार परेडच्या आवाजात म्हणाले. आणि मग काकू जे हसायला लागल्या, ते पदर तोंडाला लावून, भिंतीला धरून, शेवटी त्या कोहळ्यावरच बसल्या. सुभेदार हसले. मी तर काय, वाटच पाहत होतो.

परातेंचे खांदे कानापासून खाली आले. ते कायम कानाशीच असायचे हे मला ते खाली आल्यावर कळलं. त्यांनी काकूंकडे जेवायला मागितलं, उरलेली सकाळची पोळी, लसणाची चटणी, काहीही; आणि ते खाल्लं की बघत राहावं. कोहळं आम्ही तिघांनी सुभेदारांच्या घरच्या कुऱ्हाडीने फोडलं. नवा चाकू करून देतो, असं पराते म्हणाले, आणि पुढे खरंच दिला. तो मात्र काकूंनी पाटावर ठेवू दिला नाही, हातातच घेतला.

परत येताना पराते स्कूटरवर माझ्या मागे बसून गुणगुणत होते. पराते! गुणगुणत! ऑटोमोटिव्ह चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तशी गुणगुण थांबली. मी आरशात पाहिलं. मान डावीकडे कललेली.

"नंदू," ते म्हणाले. "त्या दिवशी तेलात दोन पाती होती ना गा?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी हललो नाही.

सुनीताने चाकू तोडायला द्यायला साफ नकार दिला. "काकूंचा तोडलात, आता माझा तोडणार? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा धड चाकू मिळालाय मला!" पराते दारात उभे, हातात रॉकेलची बाटली आणि खडू. रॉकेल लावून झालं, खडू पसरून झाला, रेघ उमटली नाही. दोऱ्याला टांगून झालं. पराते निघाले. पण गेटपर्यंत जाऊन परत आले आणि सुनीताला म्हणाले, "सुनीताबाई, कोहळं असलं तं मले फोन करजा." त्या दिवसापासून आमच्या घरात कोहळ्याची भाजी झालेली नाही. मीच आणत नाही. बाजारात दिसलं तरी दुसरीकडे बघतो.

पुढे परातेंची मुलगी त्यांना आणि वहिनींना पुण्याला घेऊन गेली. निघायच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले, ऑटो गेटशी उभा. भट्टी सुभेदारांना दिली होती, हेअर ड्रायर मीनाताईंना. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोळसा पेटवता येत नाही. "ठीकच आहे," ते म्हणाले, "समजा, शेजाऱ्यानं तक्रार केली तं?" मी म्हटलं, आता काय करणार तिकडे? म्हणाले, पाहू. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज यायला लागला. सुनीता भाजी चिरत होती. खट् खट् खट् खट्, एकसारखं. पराते गेटवर हात ठेवून ऐकत उभे राहिले. मान कलली नव्हती, सरळ होती.

आवाज थांबला. मधेच. तुटल्यासारखा.

पराते माझ्याकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे. त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला मला दिसला, आणि माझ्या कपाळावरचा त्यांना दिसला असावा. आत शांत.

"अहो," आतून सुनीता म्हणाली, "भावजी चहा घेणार का? भेंडी झाली चिरून."

परातेंनी श्वास सोडला. चहा नको म्हणाले, गाडीची वेळ झाली. ऑटोत बसले. ऑटो निघाला तसं त्यांनी डोकं बाहेर काढून मागे पाहिलं, हात हलवला, आणि मग वळणावर दिसेनासे होईपर्यंत तसेच बाहेर झुकून राहिले, मान डावीकडे कलती करून. आत मी गेलो तेव्हा सुनीता चाकू धुऊन पुसत होती. मी म्हटलं, "दे जरा इकडे." दिला तिने, हातातच दिला. मी तो कानाशी धरला.